टिंग! शुगरवाल्याची वाटी तयार

मराठी घरातल्या मायक्रोवेव्हची कामं ठरलेली असतात. सकाळी गार झालेला चहा, रात्रीची उरलेली आमटी आणि पाहुणे आले की पापड. एरवी तो डोक्यावर लोणच्याच्या बरण्या आणि कुणाच्या तरी लग्नात मिळालेला काचेचा सेट सांभाळत उभा असतो. वीज गेल्यापासून त्याच्या घड्याळात 12:00 लुकलुकत असतं. ते घड्याळ लावायचं कसं हे सांगणारी पुस्तिका घरात आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं, कुठे आहे ते कुणालाच नाही.

त्याच घरात एका माणसाला शुगर निघालेली असते. हा माणूस रोज एक वाक्य म्हणतो, "माझ्यासाठी वेगळं काही करू नका." वाक्य ऐकायला गोड आणि परिणामही गोडच, कारण मग सगळ्यांसाठी केलेला बटाट्याचा रस्सा, त्यावर भात, आणि "एवढंसं खाल्लं तर काय होतंय" म्हणत अर्धी पुरणपोळी असं जेवण होतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा रिपोर्ट आला की घरात शांतता पसरते.

या माणसाची आणि त्या यंत्राची ओळख करून द्यायची आहे. वाटेत थोडी गंमत, थोडी विज्ञानाची फोडणी.

गर्दी न आवडणारं यंत्र

एक बटाटा मायक्रोवेव्हमध्ये साधारण चार-पाच मिनिटांत उकडतो. चार बटाटे ठेवले तर? तेवढ्याच वेळात नाही. वेळ दुपटीच्याही पुढे जातो, कारण आतली ऊर्जा ठरलेली असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. कुकरचं उलट असतं. कुकरला एक बटाटा काय आणि आठ काय, शिट्ट्या त्याच.

म्हणून पाच माणसांच्या स्वयंपाकात मायक्रोवेव्ह हरतो आणि एकट्याच्या वाटीत जिंकतो. गृहिणींनी तो आणल्यावर पंधरा दिवसांत "याच्यात काही स्वयंपाक होत नाही" असा जो निकाल दिला, तो त्यांच्या पातेल्याच्या मापाने बरोबरच होता. पण ज्याला "वेगळं" हवंय आणि तेही वाटीभरच, त्याच्यासाठी या यंत्राचा हा आप्पलपोटेपणाच कामाचा आहे.

खर्चाचं म्हणाल तर बाहेरच्या स्टिकरवर लिहिलेले 800 वॅट म्हणजे अन्नाला मिळणारी शक्ती. भिंतीतून तो साधारण 1200 वॅट ओढतो. पाच मिनिटांना 0.1 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर एक रुपया. गंमत पुढेच आहे. ते लुकलुकणारं घड्याळ आणि आतली यंत्रणा नुसती जागी राहायला 3 वॅट घेते असं धरलं, तर महिन्याला 2 युनिटांपेक्षा जास्त होतात. म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या वीसेक वाट्यांची वीज आपण 12:00 बघण्यात घालवतो. बटण भिंतीवरून बंद करा. घड्याळ तसंही चुकीचंच आहे.

खिशात वितळलेला खाऊ

हे यंत्र कुणी स्वयंपाकासाठी शोधलेलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं हुडकायला रडार हवं होतं आणि रडारला लागणारा मॅग्नेट्रॉन 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी चांगलाच ताकदवान केला. युद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा अभियंता चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा होता. शाळा लहानपणीच सुटलेला, बाकी सगळं स्वतः शिकलेला माणूस. त्याच्या खिशातला चॉकलेटचा बार वितळला. कुणी सांगतं तो बार शेंगदाण्याचा होता. आपण चिक्की म्हणू आणि पुढे जाऊ.

दुसऱ्या कुणी पँट धुवायला टाकली असती. स्पेन्सरने मक्याचे दाणे मागवले, त्यांच्या लाह्या झाल्या. मग अंडं ठेवलं. ते फुटलं आणि जवळून बघणाऱ्याच्या तोंडावर उडालं अशी कथा आहे. 1945 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. 1947 चं पहिलं विक्रीचं मॉडेल माणसाएवढं उंच आणि साधारण 340 किलोचं होतं, त्याला गार ठेवायला पाण्याची नळजोडणी लागे. ओट्यावर बसेल असं घरगुती मॉडेल 1967 मध्ये आलं, किंमत 495 डॉलर.

स्पेन्सरच्या तिन्ही प्रयोगांतले दोन शुगरवाल्यांच्या उपयोगाचे आहेत. लाह्या घ्या. बटरचं पाकीट आणू नका. किराणा दुकानात मिळणारे लाह्यांचे सुटे मक्याचे दाणे मूठभर, काचेच्या मोठ्या वाडग्यात, वर मायक्रोवेव्हला चालणारी ताटली. तेल नाही. तीनेक मिनिटं. दोन 'फट'मध्ये दोन सेकंदांचं अंतर पडलं की बंद करा, नाहीतर करपतात. वाडगं भयंकर तापतं, फडक्याशिवाय धरू नका. हे अख्खं धान्य आहे म्हणून चहाबरोबरच्या बिस्किटापेक्षा बरं, पण आहे धान्यच. वाडगंभर लाह्या खाऊन वर पोळीही खाणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही.

अंड्याचं तंत्र फक्त एवढंच की कवचासकट कधीही ठेवायचं नाही. वाटीत चार चमचे पाणी, पालकाची चिरलेली चार पानं, त्यावर फोडलेलं अंडं, आणि पिवळ्याला सुईने किंवा काट्याने दोन भोकं. त्या पातळ पापुद्र्याआड वाफ कोंडली की स्पेन्सरचा प्रयोग तुमच्या स्वयंपाकघरात होतो. झाकण ठेवून 40 ते 60 सेकंद. मग मीठ-मिरपूड. सात-आठ रुपयांचं अंडं, मूठभर पाला आणि एक मिनिट. यापेक्षा स्वस्त नाश्ता मला तरी सुचत नाही.

पिठलं, पिठलं आणि पिठलं

मायक्रोवेव्हच्या पाककृतींची पुस्तकं चाळली तर पास्ता, ब्राउनी आणि पनीर टिक्का सापडतो. आपलं पिठलं तिथे सापडणार नाही, आणि मला विचाराल तर या यंत्रात सगळ्यात देखणं तेच होतं.

काचेचं खोलगट वाडगं. तीन मोठे चमचे बेसन, एक वाटी पाणी किंवा पातळ ताक, हळद, मीठ, ठेचलेली लसूण-मिरची. गुठळ्या मोडा. एक मिनिट लावा, बाहेर काढून ढवळा. पुन्हा एक मिनिट, पुन्हा ढवळा. तीन-चार फेऱ्यांत कच्चा वास जातो आणि चकाकी येते. वाडगं अर्ध्याच्या वर भरू नका, कारण पिठलं उसळलं की आतल्या छतापर्यंत जातं आणि ते खरवडायला घरातलं कुणी पुढे येत नाही. बेसन 100 रुपये किलो धरलं तर 30 ग्रॅमचे 3 रुपये. कांदा, कोथिंबीर, वीज सगळं मिळून दहाच्या आत.

आणि शुगरच्या दृष्टीने? हरभऱ्याची डाळ हे आपल्याकडचं शहाणं कडधान्य आहे. प्रथिनं बरी, चोथा बरा, आणि साखर रक्तात हळूहळू सोडते. एखादा पदार्थ साखर किती भराभर चढवतो हे मोजायची पट्टी, ग्लायसेमिक इंडेक्स, टोरोंटोत डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडली. त्या पट्टीवर हरभरा, मसूर, मूग, मटकीची मंडळी खालच्या पायरीवर बसतात. पांढरा पाव आणि चिकट भात वरच्या. दुष्काळात, घाईत आणि भाजी नसताना ज्या पदार्थाने महाराष्ट्राला तारलं तो गरिबीचा पदार्थ या पट्टीवर एकदम प्रतिष्ठित निघाला.

फक्त फोडणी तेवढी गॅसवर, कढल्यात करा. मायक्रोवेव्हमध्ये मोहरी तडतडायची वाट बघत बसलात तर दुपार होईल. कारण असं: पाण्याच्या रेणूला विजेची दोन टोकं असतात, आणि सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा झुलणारी ही लहर त्या टोकांना सतत फिरवायला बघते, त्या धक्काबुक्कीत उष्णता तयार होते. तेलाच्या रेणूंना असा ओढा फारसा नसतो. ते तापतं, पण कुरकुरत. बर्फाचंही तसंच आहे. रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, त्यामुळे गोठलेल्या मटाराचा गोळा एका बाजूने उकळतो आणि मधे दगडच राहतो. डीफ्रॉस्टचं बटण म्हणूनच थांबत थांबत चालतं. बहुतेक यंत्रांत अर्धी शक्ती म्हणजे मंद आच नव्हे. पूर्ण आच थोडा वेळ, मग विश्रांती, पुन्हा पूर्ण आच. कान देऊन ऐका, घरघर मधेच थांबते.

फोडणी वेगळी करायची तर तेल चमच्याने मोजून घेतलं जातं, हा आणखी एक फायदा. कढईत ओतताना हात मोकळा असतो.

फोडणीच्या भाताची बाजू मांडताना

शुगर निघाली की पहिली कुऱ्हाड भातावर. कोकण्याला भात सोड म्हणणं म्हणजे समुद्र सोड म्हणण्यासारखं आहे, आणि घाटावरही आमटी-भाताशिवाय जेवण संपल्यासारखं वाटत नाही. त्यांच्यासाठी थोडी दिलाशाची बातमी.

भात शिजून गार झाला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो आणि आपल्या पचनरसांना सहज दाद देत नाही. याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात; आपण हट्टी स्टार्च म्हणू. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातल्या एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात 100 ग्रॅममागे हा स्टार्च 0.64 ग्रॅम होता. तोच भात 24 तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर 1.65 ग्रॅम. तो खाल्ल्यावर पंधरा निरोगी माणसांची साखरही ताज्या भातापेक्षा कमी चढली. गरम केल्याने हट्टीपणा पूर्ण जात नाही, हे यातलं कळीचं.

म्हणजे आजीचा फोडणीचा भात जिंकला? अर्धाच. 100 ग्रॅमला एका ग्रॅमचा फरक आहे, बाकीचा भात भातच आहे. वाटी एकच घ्यायची आहे, "शिळा आहे, चालतो" म्हणून तीन नाही. आणि दुसरी गोष्ट आजीला सांगताना जरा आवाज खाली ठेवा: रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात धोक्याचा असतो. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात, उबेत वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात तास-दीड तासाच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये. सकाळी वाटीभर काढा, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून दीड-दोन मिनिटं, वाफ निघेपर्यंत. त्यात मोड आलेली मटकी मिसळली तर भात निम्मा होतो आणि वाटी तेवढीच भरलेली दिसते. मटकी मात्र आधी वेगळी शिजवून घ्या: अर्धी वाटी पाणी, झाकण, सात-आठ मिनिटं.

शिळी भाकरी? दहा-पंधरा सेकंद, ओल्या फडक्यात गुंडाळून. अर्धं मिनिट दिलंत की ती चपलेच्या दुकानात शोभेल.

डावी बाजू आधी

ताट वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भात मधे, ही आपली जुनी मांडणी. यातली डावी बाजू आधी खाल्ली तर? अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये 2015 मध्ये मधुमेह असलेल्या अकरा जणांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, एकदा भाज्या आणि चिकन आधी. भाज्या-चिकन आधी खाल्लं तेव्हा एक तासानंतरची साखर सुमारे 37 टक्के कमी होती. पदार्थ तेच, माणसं तीच. माणसं अकराच होती हे लक्षात ठेवूनही, हा प्रयोग करून बघायला पैसे पडत नाहीत.

मायक्रोवेव्ह इथे कामाला येतो. पोळ्या होईपर्यंतच्या पाच मिनिटांत फरसबी, कोबी, दुधी, गाजर असं जे असेल ते चिरून, दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून चार मिनिटं. वर लिंबू, मिरपूड, चमचाभर दाण्याचा कूट. ही वाटी आधी संपवायची, मग ताटावर बसायचं. पाण्यात बुडवून उकळण्यापेक्षा अशा भाजीत क जीवनसत्त्वही जास्त उरतं, कारण ते पाण्याबरोबर मोरीत जात नाही.

भेंडीला मात्र झाकण नको. चिरलेली भेंडी उघडी तीन-चार मिनिटं ठेवली की चिकटपणा बराच सुकतो आणि मग कढईत चमचाभर तेल पुरतं. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर बंदुकीसारखा बार होतो. मोठं वांगं सात-आठ मिनिटांत मऊ. पण भरीत झालं असं म्हणवत नाही, धुराचा वास कुठून आणणार? धगधगत्या कोळशावर तेलाचा थेंब टाकून दोन मिनिटं वाडग्यात झाकून ठेवा (मायक्रोवेव्हच्या बाहेर!). मग थोडंफार जमतं. जळगावकरांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.

पुण्याचा डॉक्टर, लंडनचा डॉक्टर

"मला कशी शुगर होईल, मी तर काडीपैलवान!" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार हा आपला खास देशी नमुना. शास्त्रज्ञ त्याला 'थिन-फॅट' म्हणतात.

2023 मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले तेव्हा भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त लोक असल्याचा अंदाज निघाला. राज्यांच्या यादीत पहिलं गोवा, 26.4 टक्के. देशाची सरासरी 11.4. शीत-कडीच्या राज्यात दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त.

गोव्याला मायक्रोवेव्हने देण्यासारखी एक चीज आहे: वाफेवरचा बांगडा. मासा पाणीदार असतो, त्यामुळे या यंत्रात तो फार सुरेख शिजतो. दोन्ही बाजूंनी चिरे द्या, कोथिंबीर-मिरची-आलं-लिंबाचं हिरवं वाटण चोळा, केळीच्या पानात गुंडाळा, तीन ते चार मिनिटं, मग दोन मिनिटं तसाच राहू द्या. लहरी आत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच जातात, मधला भाग बाहेरच्या उष्णतेवर शिजतो, म्हणून हे दोन मिनिटांचं थांबणं स्वयंपाकाचाच भाग आहे. (मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो, ही तशी अफवाच.) अख्खा मासा ठेवला तर डोळे फुटल्याचा आवाज येतो, घाबरू नका, डोकं आधीच काढलं तर उत्तम. रवा नाही, तळण नाही. आणि बांगडा-तारली हे बाजारातले स्वस्तातले मासे, पापलेटच्या नादाला लागायचं कारण नाही. वास जात नाही म्हणून घरच्यांनी ओरडायच्या आत वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून तीन मिनिटं लावा आणि फडक्याने पुसून घ्या.

फडणीसांचा गैरसमज

साखरेऐवजी जी गोळी किंवा पूड चहात पडते, तिच्यातल्या एका पदार्थामागे मराठी आडनाव आहे. 1976 मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडण्याचं काम करत होते. वरिष्ठ लेस्ली हॉ यांनी सांगितलं, पदार्थ 'टेस्ट' कर. म्हणजे तपासून बघ. फडणीसांनी ऐकलं 'टेस्ट'. इंग्रजीत दोन आहेत हो, एक तपासण्याची आणि एक चाखण्याची. त्यांनी चाखून बघितलं. साखरेच्या सुमारे 600 पट गोड! तेच आज सुक्रालोज म्हणून विकलं जातं. प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नये, हा नियम फडणीसांनी पाळला असता तर कितीतरी चहा फिकेच राहिले असते.

पण 'शुगर फ्री' असं लिहिलेल्या बिस्किटाला सुक्रालोज वाचवत नाही. साखर नसली तरी मैदा आहे आणि मैद्याचीही पोटात साखरच होते. वर किंमत चढी. तीच गत गुळाची. 'गूळ नैसर्गिक असतो' हे खरं, पण रक्ताला नैसर्गिक आणि कृत्रिम कळत नाही. गूळ म्हणजे बहुतांश साखरच. नाचणीचं सत्त्व गरम पाण्यात कालवून पिणाऱ्यांनीही एकदा दोन तासांनी शुगर मोजून बघावी. पीठ जितकं बारीक आणि लापशी जितकी मऊ, तितकी ती लवकर चढते. ओट्सचंही तेच: जाड पोह्यांसारखे घ्या, 'इन्स्टंट' भुकटी नको.

उपवासाचं तर विचारूच नका. एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्या दिवशी वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर आणि मूठभर भाजलेले दाणे हे बरं. दाणे भाजायला तर मायक्रोवेव्हसारखा दुसरा नोकर नाही. ताटलीत पसरून एक मिनिट, हलवा, पुन्हा एक, हलवा, पुन्हा अर्धं. बाहेर काढल्यावरही ते आतून शिजत राहतात, म्हणून 'अजून थोडे' वाटतात तेव्हाच थांबा. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र उपवास आणि भाताची कपात डॉक्टरांना विचारूनच करावी. साखर खाली गेली, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर त्या क्षणी पिठलं नाही, साखरच खायची.

न करण्याच्या गोष्टी, त्यातल्या काही मनोरंजक

नाशिकचं द्राक्ष मधोमध कापून सालीवर जोडलेलं ठेवा आणि मायक्रोवेव्ह लावा: दोन अर्ध्यांमध्ये निळसर ठिणगी, मग ज्वालेसारखा झोत. 2019 मध्ये कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी यावर चक्क शोधनिबंध लिहिला. द्राक्षाएवढा पाण्याचा गोळा या लहरीला आत अडकवून ठेवण्याच्या बरोब्बर मापाचा असतो, आणि दोन गोळे टेकतात तिथे सगळा जोर एकवटतो. हा प्रयोग घरी करू नका, यंत्र बिघडतं. शुगरवाल्यांनी द्राक्षं मोजून खावीत, हे वेगळं.

चांदीचा वर्ख लावलेली काजूकतली आत ठेवली तर दिवाळी आतच होते. सोनेरी कडांचे कपही नकोत. आणि आपला लाडका स्टीलचा डबा, ज्यावर नाव आणि तारीख कोरलेली असते, तो तर लहरींना आत शिरूच देत नाही. काच किंवा चिनी माती घ्या.

गुळगुळीत कपात नुसतं पाणी फार वेळ तापवलं तर ते न उकळता उकळबिंदूच्या वर जाऊ शकतं आणि चमचा लागताच उसळतं. कपात लाकडी काडी ठेवा.

या यंत्राने शास्त्रज्ञांनाही फसवलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या 64 मीटरच्या रेडिओ दुर्बिणीला 1998 पासून अधूनमधून विचित्र संदेश मिळत. 2015 मध्ये उलगडा झाला: तिथलीच माणसं जेवण गरम करताना टिंग वाजायच्या आधीच दार उघडत होती, आणि मॅग्नेट्रॉन बंद पडता पडता एक झुळूक बाहेर निसटत होती. जगातली एक मोठी दुर्बीण आणि भुकेला माणूस, दोघांनाही धीर नव्हता. जपानीत मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याला 'चिन' करणं म्हणतात, त्या घंटीच्या आवाजावरून. आपल्याकडे अजून क्रियापद तयार झालेलं नाही. 'ओव्हनला लाव' यावरच भागतं, आणि तो ओव्हन नसतोच.

तूर डाळ, राजमा, छोले यासाठी या यंत्राच्या वाटेला जाऊ नका. कुकर स्वस्त, चांगला आणि जास्त भरवशाचा. रविवारी कुकरला एकदाच छोले-मसूर लावा, वाट्यांमध्ये भरून फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवा. आठवडाभर एकेक वाटी बाहेर. अशी तयारी असली की "वेगळं" करायला खरोखरच पाच मिनिटं लागतात.

आमच्याकडे हा प्रयोग बाबांवर झाला. पहिले दोन दिवस त्यांनी पिठल्याकडे संशयाने पाहिलं, "हे याच्यात शिजलंय?" तिसऱ्या दिवशी वाडगं चाटून पुसून ठेवलं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "मलाही थोडं लाव." दोघांचं एकदम लावलं तर वेळ वाढतो, म्हणून आता आधी बाबांचं, मग आईचं, अशी ओट्यापाशी रांग असते. मागच्या आठवड्यात वीज गेली होती. बाबा खुर्ची घेऊन यंत्रासमोर बसले आणि अर्धा तास खटपट करून त्यांनी घड्याळ लावलं. दहा मिनिटं पुढे आहे. कुणी काही बोललेलं नाही.